सतारीची घरच्या घरी देखभाल: तारा, खुंट्या, पडदे आणि पावसाळा

खरज_षड्ज

सतारीची कोणती कामं घरी करावीत आणि कोणती कारागिराकडेच न्यावीत, यावर इथे वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी लिहिलं गेलंय. ते एका जागी यावं म्हणून हा धागा.

माझी विभागणी सरळ आहे. चुकलं तरी पुन्हा पहिल्यासारखं करता येतं ते काम घरी करावं: तार बदलणं, खुंटीला खडू लावणं, पडदा (दांडीवरची स्वराची धातूची पट्टी) बांधणं, साफसफाई, दमटपणा सांभाळणं. वॉटर पेपरचा हलका हात सोडला तर ज्यात काही घासलं जातं, कापलं जातं किंवा चिकटवलं जातं (जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासून आवाज लावणं; भोपळ्याची चीर; तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा सांधा), ते घरी नाही.

घरात एवढं सामान असू द्या: लांब नाकाची पक्कड, तार कापायचा कटर, क्रोशाची बारीक सुई, एक इंची मऊ ब्रश, जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं कापड, पांढरा खडू, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश कागद), पडद्यांसाठी पिळाचा नायलॉन दोरा, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. हे शेवटचं लोक टाळतात, पण निम्मे प्रश्न त्याच्याकडे बघूनच सुटतात.

तारांची मापं, सा काळी १ किंवा पांढरी २ (हार्मोनियमच्या पट्ट्या) धरून, सात तारांच्या खरज-पंचम सतारीसाठी:

बाज (म, मुख्य वाजवायची तार): पोलादी ०.३० मिमी
जोड (सा): ब्रॉन्झ ०.४२
पंचम (मंद्राखालचा): ब्रॉन्झ ०.५० ते ०.५५
खरज (सा): ब्रॉन्झ ०.७०
प: पोलादी ०.२५ ते ०.२८
चिकारीच्या (कडेच्या, लयीसाठी छेडायच्या) दोन्ही: पोलादी ०.२३
तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा): पोलादी ०.२० ते ०.२३

गायकी अंगाच्या सहा तारांच्या सतारीत खरजाच्या जाड तारा नसतात आणि गंधाराची पोलादी तार असते. ती सतार असेल तर हा संच जसाच्या तसा आणू नका.

---

मुळामुठा

छान धागा. दुकानात मात्र मिमी सांगितलं तर समोरचा "कुठला नंबर?" विचारतो. नंबर आणि मिमी यांचा मेळ कसा घालायचा?

---

खरज_षड्ज

गोंधळ होतो कारण नंबरांच्या दोन पट्ट्या आहेत आणि त्या उलट्या चालतात. पोलादी तारेचा नंबर वाढला की तार जाड होते: ० नंबर म्हणजे ०.२३ मिमी, १ म्हणजे ०.२५, २ म्हणजे ०.२८, ३ म्हणजे ०.३०. ब्रॉन्झ आणि पितळेच्या तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते: २७ म्हणजे ०.४२, २५ म्हणजे ०.५०, २२ म्हणजे ०.७०. म्हणून बाज "३ नंबर" आणि जोड "२७ नंबर" ऐकून जोड नऊपट जाड असेल असं समजू नका. पुडीवर मिमी छापलेलं असेल तीच घ्या. नसेल तर दुकानातच मायक्रोमीटर लावून बघायला सांगा, त्यात संकोच नको.

---

पाऊसवेडी

माझा प्रश्न बाजतारेचा. महिन्याला एक तुटते, आणि दर वेळी मींड घेतानाच (तार बाजूला ओढून स्वर चढवताना). तुटते ती लंगोटाजवळ (तारा तळाशी अडकवतात तो भाग), फासाच्या पिळापाशी. ०.३० ऐवजी ०.३२ लावली तर टिकेल का?

---

बाजतार

जाड तार लावून हे थांबणार नाही. कारण आकड्यांत सांगतो.

अटीपासून (दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत ८९ सेंमी धरा. सा काळी १ असेल तर बाज मंद्र मध्यमात म्हणजे सुमारे १८५ हर्ट्झला लागते. ०.३० मिमी पोलादी तारेवर तेव्हा साधारण ६ किलोचा ताण असतो. आता एकाच पडद्यावरून सा ते प अशी मींड ओढली की कंपनसंख्या दीडपट होते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सव्वादोनपट. तार साडेतेरा किलोवर गेली. चांगली ०.३० ची तार १६-१७ किलोला तुटते. म्हणजे मींडेच्या टोकाला हाताशी उरतात जेमतेम तीन किलो. एखादा गंजाचा खड्डा, एक मुरड, लंगोटाची एक धारदार कड, एवढ्यात ते संपतात.

०.३२ लावली तर ताकद वाढेल, पण तोच स्वर गाठायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागेल. फरक शून्य, उलट बोटाला जड. फरक पडतो तो सा खाली घेतल्याने. पांढरी २ वरून काळी १ वर आलात तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो.

तुमची तार फासापाशी तुटते, तेव्हा तीन गोष्टी तपासा.

एक, लंगोटाची कड. नखाने चाचपा. ती धातूची किंवा हाडाची असते आणि तारेने तिच्यात खाच पाडलेली असते. २००० चा वॉटर पेपर दुमडून कड गोल करा, किंवा फास आणि कड यांच्यामध्ये पातळ चामड्याचा बोटभर तुकडा ठेवा.

दोन, पिळ. फास करताना पकडीने तार दाबून धरली की तिच्यावर पकडीच्या दातांचे व्रण उठतात. पुढे तार तिथेच तुटते. फास ३ मिमीच्या गुळगुळीत खिळ्याभोवती करा, पकडीच्या दातांना कापड लावा. पिळ ७-८ वेढ्यांचा, सैलसर सुरू होऊन शेवटचे दोन-तीन वेढे घट्ट.

तीन, मणी (तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा). मणी फासाच्या पिळावर चढून बसला असेल तर सूर सारखा करताना पिळच हलतो. मण्याची जागा लंगोट आणि घोडी यांच्या मध्यावर.

---

पाऊसवेडी

कड खरंच धारदार निघाली. चामडं लावलं. तार बदलायची पूर्ण रीतही कोणी लिहाल का? मणी ओवायला विसरणं हे दर वेळचं आहे.

---

दांडी_भोपळा

लिहितो. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सगळ्या तारा एकदम उतरवू नका. बहुतेक सतारींत मोठी घोडी तबलीवर तारांच्या दाबानेच उभी असते, फार तर सरसाचा एखादा थेंब असतो. तारा गेल्या की घोडी सरकते, आणि तिची जागा दोन मिमीने चुकली तरी सगळे पडदे बेसूर होतात. पूर्ण संच बदलायचा असेल तरी एक काढा, एक लावा. सुरुवातीलाच अटीपासून घोडीच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. तबलीवर पेन्सिलची खूण किंवा चिकटपट्टी नको, चिकटपट्टीबरोबर पॉलिश निघतं.

जुनी तार आधी खुंटीने सैल करा आणि मगच कापा. ताणलेली तार कटरने तोडली की टोक डोळ्याकडे उडतं.

नवी तार सव्वा ते दीड मीटर घ्या. क्रम असा: फास करा, फासाकडून मणी ओवा, फास लंगोटात अडकवा, तार घोडीच्या खाचेत, मग वर नेऊन तारगहनाच्या (अटीजवळच्या भोकांच्या पट्टीच्या) भोकातून आणि अटीच्या खाचेवरून खुंटीकडे. मणी विसरायचा नसेल तर फास करायच्या आधीच मणी तारेत घालून ठेवा, हाच उपाय.

खुंटीच्या भोकातून २ सेंमी तार पुढे काढा, पहिला वेढा त्या शेपटीवरून घ्या म्हणजे ती स्वतःलाच पकडते. त्यानंतर ४-५ वेढे पुरेत. वेढे दांडीच्या लाकडाकडे सरकत गेले पाहिजेत. खुंटीच्या डोक्याकडे गेले तर तार खुंटीला तिरकी ओढते आणि ती हळूहळू सैल होते. "खुंटी धरत नाही" अशा तक्रारींत हे कारण पुष्कळदा निघतं.

स्वरात आणल्यावर तार मधोमध धरून तबलीपासून वर तीन-चार वेळा हलकेच ओढा, पुन्हा स्वरात आणा. असं चारदा केलं की पोलादी तार त्याच दिवशी स्थिरावते. ब्रॉन्झला दोन दिवस द्या, आणि तिला ठरलेल्या स्वराच्या वर कधी चढवू नका. पोलादाएवढी ताकद तिच्यात नसते.

---

तरफ_तेरा

खुंट्यांबद्दल. खडू की साबण, यावर नेहमी वाद होतो. दोन्ही बरोबर आहेत, रोग वेगळे.

खुंटी घसरते: खडू. खुंटी अडकते, करकरते, एकदम झटक्याने फिरते: कोरडा अंगाचा साबण, अगदी बोटाने पुसल्याइतका. दोन्ही होत असेल तर आधी साबणाची पुसट रेघ, वर खडू.

रीत: तार सैल करून खुंटी बाहेर काढा. कोरड्या कापडाने पुसा. खुंटीवर जिथे चकचकीत पट्टा दिसतो तिथेच ती भोकाला घासते, खडू फक्त तिथे लावा. भोकात वळकटी केलेलं कापड फिरवून जुनी काळी कीट काढा. खुंटी घालून तार न लावता दहा-बारा वेळा फिरवा, मग तार चढवा. स्वर मिळवताना खुंटी फिरवता फिरवता आत दाबायची सवय लावा. नुसती फिरवली तर ती स्वतःहून बाहेर येत जाते.

पट्टा खुंटीच्या अर्ध्याच घेरात दिसत असेल तर भोक लंबगोल झालंय. त्याला खडू नाही पुरणार, तिथे कारागीर नवी खुंटी घासून बसवतो.

तेल नाही, राळ तर मुळीच नाही. राळेने खुंटी आधी छान धरते, मग चिकटते, आणि ती सोडवायला जोर लावला की दांडीला भोकापासून चीर जाते.

---

समुद्रकाठ

आमच्याकडे रत्नागिरीत जुलैमध्ये खुंट्या अजिबात हलत नाहीत. पकडीने फिरवाव्या का?

---

तरफ_तेरा

नको! खुंटीची मान मोडते, नाहीतर दांडी चिरते. लाकूड पाणी शोषून फुगलंय एवढंच झालंय, ते परत आक्रसू द्या. सतार पेटीत ठेवा, आत २०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशव्यांत, पेटी बंद, तीन दिवस. मग खुंटी हळूच डावी-उजवी करून बघा. केस वाळवायचं यंत्र लावू नका, पॉलिशमधली लाख उष्णतेने मऊ होते आणि बोटांचे ठसे कायमचे उठतात.

निळं सिलिका जेल ओलं झालं की गुलाबी होतं. ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवलं की पुन्हा निळं. तेच जेल वर्षानुवर्षं चालतं. ते ताट पुन्हा जेवणासाठी वापरू नका.

---

थंडप्रदेशी

आमची अडचण नेमकी उलटी. कॅनडात हिवाळ्यात घर तापवलं की आर्द्रता २० टक्क्यांवर येते. खुंट्या आपोआप सुटतात आणि सकाळी सगळ्या तरफा लोंबकळत असतात. तबली आणि भोपळा यांच्या सांध्यातून टकटक आवाजही येतोय.

---

खरज_षड्ज

खुंट्या नंतर बघू, आधी तो सांधा. सांध्यात पातळ कागद सरकतो का बघा, पूर्ण घेर फिरून. कुठे आत गेला तर सांधा सुटलाय. सगळ्या तारा दोन-तीन स्वर खाली उतरवा (पूर्ण सैल नाही, घोडी पडेल) आणि वाजवणं थांबवा. झटपट चिकटणारा गोंद भरू नका. मूळ जोड सरसाचा असतो. तो उष्णतेने आणि ओलाव्याने सोडवता येतो, म्हणूनच सतार पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊ शकते. झटपट गोंद लाकडात मुरला की पुढे कारागिरालाही तो सांधा नीट उघडता येत नाही, सरसही तिथे धरत नाही.

कागद कुठेच सरकत नसेल तर तो आवाज लाकूड आक्रसल्याचा. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. एका दिवसात २० वरून ५० वर नेऊ नका, आठवडाभरात चढवा. खोली जमत नसेल तर पेटीत: साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला करून पिळलेला स्पंज, आणि शेजारी आर्द्रतामापक. डबी भोपळ्याला टेकता कामा नये. रोज स्पंज बघा.

सतार भिंतीतल्या हीटरजवळ, एसीच्या झोतात किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. बंद गाडीत ६० अंश सहज होतात, सरस आणि लाख दोन्ही तेवढ्याने मऊ पडतात.

---

मुळामुठा

साफसफाई? करोनाच्या काळात कोणीतरी सॅनिटायझर लावून दांडी पुसली, तेव्हापासून तिच्यावर पांढरे डाग आहेत. ते जातील का?

---

दांडी_भोपळा

पुसून जाणार नाहीत. सतारीचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. सॅनिटायझर, अत्तर, काच पुसायचा फवारा, नखांचा रंग काढायचं पाणी, सगळ्यांत लाख विरघळते. सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण सुकल्याशिवाय सतारीला लावू नये. डागांवर कारागीर लाखेचा नवा हात देतो आणि ते काम चांगलं होतं. त्या आधी फर्निचरचं चकचकीत पॉलिश मात्र त्यावर फासू नका. त्यात सिलिकोन असलं तर नवा लाखेचा थर त्यावर बसत नाही.

रोजचं काम कोरड्या मलमलीचं. वाजवून झालं की तारा चिमटीत कापड धरून वरपासून खालपर्यंत पुसा, मग दांडीचा मागचा भाग जिथे अंगठा फिरतो. घामातलं मीठ तारांना गंजवतं, आणि वर दिलेल्या ताणाच्या हिशोबात तो गंज थेट धरलेला आहे.

बोटांना तेल लावणाऱ्यांनी ते डबीतल्या कापसावरच ठेवावं. दांडीवर तेल गेलं की धूळ चिकटते आणि पडद्यांचे दोरे घसरू लागतात.

पडद्यांखालची धूळ: ब्रश तरफांच्या दिशेने लांबीत चालवा, आडवा नाही, आडवा चालवला तर केस तारेत अडकतात. जिथे ब्रश पोचत नाही तिथे कापडाची बोटभर रुंद पट्टी पडद्यांखालून ओवून पुढे-मागे ओढा.

पडदे काळे पडले तर पितळ चमकवायचं द्रावण टाळा, त्याची पांढरी भुकटी दोऱ्यांत बसते आणि दोरा कुजतो. पडद्याखाली जाड कागद सरकवून दांडी झाका, २००० चा कोरडा वॉटर पेपर पडद्याच्या लांबीत फिरवा. बस.

---

कोमल_गंधार

पडद्यांचा विषय निघालाच आहे तर: माझे दोन पडदे मींडेबरोबर सरकतात. पुन्हा बांधायचे कसे? पूर्वी तातीने (आतड्याच्या दोऱ्याने) बांधायचे ना?

---

बाजतार

हो, तात आणि रेशीम. आता पिळाचा नायलॉन. मासेमारीचा गुळगुळीत एकेरी दोरा गाठ धरत नाही, तो नको.

एका वेळी एकच पडदा. जुना दोरा कापण्याआधी तीन गोष्टी करा: अटीपासून पडद्यापर्यंतचं अंतर मिमीमध्ये लिहा, दोन्ही बाजूंनी गाठीचा फोटो काढा, आणि पडद्याची कुठली कड तुमच्याकडे होती ते लक्षात ठेवा. पडदे हाताने वाकवलेले असतात, उलटा बसवलात तर नीट बसणार नाही.

दोरा सव्वा मीटर. दांडीच्या मागून एक फेरी साधारण १५ सेंमीची, सहा फेऱ्यांना ९० सेंमी, बाकी गाठीला. दोऱ्याचं टोक पडद्याच्या एका टोकाच्या खाचेत फासाने अडकवा. दांडीच्या मागून दुसऱ्या टोकाच्या खाचेत न्या, परत आणा. अशा सहा फेऱ्या, एकमेकींशेजारी, एकीवर दुसरी चढता कामा नये. दर फेरी ताणून घ्या. शेवटी उरलेला दोरा सगळ्या फेऱ्यांच्या जुडग्याभोवती आडवा गुंडाळा, ३-४ वेढे. या वेढ्यांनी फेऱ्या एकत्र खेचल्या जातात, आणि खरा घट्टपणा इथून येतो, आधीच्या ओढण्यातून नाही. दोन गाठी मारा, ३ मिमी शेपूट ठेवून कापा. टोक मेणबत्तीने वितळवू नका, शेजारी लाख आहे. गाठ दांडीच्या कडेला येऊ द्या, अंगठ्याच्या वाटेत नको.

परीक्षा: दोन्ही अंगठ्यांनी ढकलल्यावर पडदा सरकला पाहिजे, पण मींडेने नाही. अंगठ्यांनीही हलत नसेल तर रागानुसार कोमल-शुद्ध सरकवताना दरवेळी झगडा होईल, थोडा सैल बांधा.

पडद्याची जागा ट्यूनरने जवळपास आणा, नक्की तरफेवर करा. त्याच स्वराची तरफ आधी सुरात लावा, तिच्यावर तांदळाएवढी कागदाची चिठ्ठी घडी घालून बसवा, आणि बाजेवर तो पडदा वाजवा. पडदा बरोबर जागी असेल तर चिठ्ठी थरथरते, कधी उडूनच पडते. केसभर इकडेतिकडे असेल तर ढिम्म राहते.

आणि आज सैल असेल पण वेळ नसेल, तर दोरा आणि दांडीची कड यांच्यामध्ये बांबूची पातळ काडी सरकवा. एक कार्यक्रम निघतो.

---

कोमल_गंधार

चिठ्ठीची युक्ती फारच सुंदर. तीव्र मध्यम ४ मिमी चुकीच्या जागी होता!

आणखी एक: एकाच पडद्यावर, रिषभावर, खरखर येते. जवारी गेली म्हणायची का?

---

तरफ_तेरा

एकाच पडद्यावर येत असेल तर सहसा जवारी नव्हे. जवारी बिघडली की सगळ्या पडद्यांवर आवाज बदलतो.

क्रमाने बघा. पुढचा पडदा (घोडीकडचा) उंच झालाय का? पोलादी पट्टीचा छोटा तुकडा बाजेच्या खाली, लांबीच्या दिशेने, तीन पडद्यांवर ठेवा. झुलला तर मधला उंच. बहुतेक वेळा तो नुसता दोऱ्यावर तिरका बसलेला असतो, दाबून सरळ करा. झुलत नसेल तर रिषभावरच खाच पडलीय का, नख अडकतंय का बघा. नख जेमतेम अडकत असेल तर १००० आणि मग २००० चा पेपर पुरतो. खोल असेल तर तिथे थांबा. एकच पडदा घासून खाली गेला की त्यावर दाबलेली तार पुढच्या पडद्याला टेकते आणि खरखर वाढते.

त्यानंतर तरफा. सैल तरफ पडद्याच्या पोटाला लागते. सगळ्या तरफांवर रुमाल ठेवा, रिषभ वाजवा, आवाज गेला तर चोर त्यांच्यात आहे. एकेक सोडून बघा.

शेवटी सुटे भाग: मणी, तरफांच्या छोट्या घोडीचे पाय, दांडीवरची सुटलेली नक्षीची पट्टी, वरचा छोटा भोपळा फिरकीचा असेल तर त्याची फिरकी. एकाने स्वर वाजवत राहायचं, दुसऱ्याने एकेका जागी बोट दाबत जायचं. खरखर ज्या बोटाखाली थांबते तीच जागा.

---

समुद्रकाठ

तरफेची तार तुटली की ती आत ओवायची कशी? भोकातून आत जाते आणि हरवते.

---

तरफ_तेरा

खुंटी पूर्ण बाहेर काढा. ०.२३ ची मीटरभर तार घ्या. आधी दांडीवरच्या हाडी भोकातून तारेचं टोक आत सोडा, टोकाला आधी किंचित आकडा करून. खुंटीच्या भोकातून क्रोशाची सुई घालून तो आकडा बाहेर ओढा. आता बाहेरच तार खुंटीच्या भोकात ओवा, दोन वेढे द्या, खुंटी परत बसवा. आणि मग उरलेली तार पडद्यांखालून छोट्या घोडीवरून लंगोटापर्यंत नेऊन तिथला फास करा. उलट क्रमाने, म्हणजे लंगोटाकडून सुरू केलं तर लांबी कधीच जुळत नाही. आतलं अंधारातलं काम मोबाईलचा दिवा शेजारच्या भोकाला लावला की दिसतं.

---

मुळामुठा

मग जवारी खरोखर गेली हे कळायचं कसं?

---

खरज_षड्ज

आवाजातला जीव जातो. तार छेडल्यावर मागे रेंगाळणारी झणझण कमी होते किंवा पत्र्यासारखी होते. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला जेमतेम चाटत असते. वाजवून वाजवून तिथे रेषा पडतात आणि तार त्या रेषेत रुतते.

घरची परीक्षा: आधी बाजेखालून कोऱ्या कागदाची पट्टी फिरवून घोडीवरची धूळ काढा, कधी तेवढ्यानेच आवाज परत येतो. नाही आला तर तार घोडीवर बोटाने मिलिमीटरभर बाजूला ढकलून छेडा. नव्या जागी आवाज खुलला तर रेषा पडली आहे, जवारी काढायची वेळ झाली.

ते काम घरी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. कागदाच्या जाडीएवढा फरक आवाज बंद करतो, आणि घासलेलं हाड परत भरता येत नाही. घोडी एकटी कुरिअरने पाठवूनही उपयोग नाही, जवारी त्याच सतारीवर, त्याच मापाच्या तारा चढवून, कानाने लावली जाते. मिरजेत हे काम पिढ्यानपिढ्या चालतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही हातातली विद्या आहे. नेताना नव्या तारा लावून न्या आणि आवाज खुला (जास्त झणझणीचा) हवा की बंद (कमी झणझणीचा), हे वाजवून दाखवून सांगा.

जुन्या सतारीची घोडी सांबरशिंगाची असू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबरशिंगाचा व्यापार बंद आहे. परदेशी न्यायची असेल तर आधी उंटाच्या हाडाची किंवा डेल्रिनची (कडक प्लॅस्टिकची) घोडी बसवून घ्या.

---

पाऊसवेडी

शेवटचा प्रश्न. दोन वर्षं पेटीत बंद असलेली सतार वाजती करायची आहे. सुरुवात कुठून? भोपळ्यावर पांढरी बुरशी दिसतेय आणि पेटीच्या तळाला बारीक पिवळसर पीठ.

---

दांडी_भोपळा

ते पीठ बघून आज सतार दुसऱ्या वाद्यांपासून आणि लाकडी सामानापासून लांब ठेवा. लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा तो भुसा असतो. काळा कागद अंथरून त्यावर सतार दोन दिवस ठेवा. नवं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं कुठे आहेत त्यांचे फोटो काढून कारागिराला दाखवा. स्वतः औषध फवारू नका, त्यातल्या द्रावणाने लाख जाते.

पीठ पडलं नाही तर पुढे चला. बुरशी गच्चीत किंवा खिडकीत, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झाडा. सावलीत, वाऱ्यावर दिवसभर ठेवा, उन्हात नाही. मग सांध्याची कागदाची परीक्षा. त्यात कागद कुठेच सरकला नाही की तारा, खरजापासून सुरू करून एकेक बदला, सगळ्या स्वरात आणण्याऐवजी पहिले दोन दिवस दोन स्वर खालीच ठेवा, तिसऱ्या दिवशी पूर्ण चढवा. लाकडाला ताण पुन्हा घ्यायला वेळ लागतो. तरफा सगळ्यात शेवटी. बाज चढवली की तबली किंचित दबते आणि आधी लावलेल्या तरफा सगळ्या उतरतात. शेवटी लावल्या तरी चौथ्या दिवशी त्या परत सुरात लावाव्या लागतील.